पुलापर्यंत विझेल

"पुलापर्यंत जा. तिथवर दिवा विझेल. नाही विझला, तर परत ये."

ओइवा केम्पाइनेन हे वाक्य दिवसातून आठ-दहा वेळा उच्चारीत असे. टायरमध्ये हवा भरून झाली, व्हॉल्व्हचे टोपण बोटांनी घट्ट फिरवले, की तो गुडघ्यावर हात टेकून सावकाश उठे, चालकाच्या खिडकीशी जाई आणि एखाद्या पुरोहिताने संकल्पाचे शेवटचे पद सांगावे तशा शांतपणे हे वाक्य सांगे. चालक बहुधा समोरच्या काचेखालच्या त्या लहानशा पिवळ्या दिव्याकडे साशंकतेने पाहत असे. घोड्याच्या नालासारखी आकृती आणि तिच्या पोटात उद्गारचिन्ह. हवा तर भरली, मग हा अजून जळतो कसा?

"चाक झोपलंय, तर आतला सेन्सरही झोपलाय," ओइवा सांगे. "व्हॉल्व्हच्या मुळाशी एवढासा असतो तो. बॅटरी वाचवतो बिचारा. चाक फिरायला लागलं की जागा होतो, आतली हवा मोजतो, गाडीला कळवतो. मग गाडी दिवा विझवते. इथं उभं राहून त्याच्याकडे डोळे वटारून काही होणार नाही."

पेट्रोल पंपापासून हिएताकोस्कीचा पूल साडेसहा किलोमीटरवर. तिथवर जाईतो दिवा विझे. लोक पुढे निघून जात. परत कोणी येत नसे, आणि परत न येणे हीच ओइवाला मिळणारी पोचपावती होती. दीप विझणे ही आपल्या भाषेत अमंगळ गोष्ट. आपण दिवा 'शांत झाला' असे म्हणून ते अमंगळ झाकतो. या एका दिव्याचे विझणे मात्र सर्वस्वी मंगल होते, आणि ते मंगल ज्याच्या हातून घडे त्याला ते कधी दिसत नसे. असे दिवे गाड्यांत आले त्याला दहा-अकरा वर्षे झाली होती. या काळात ओइवाने किती दिवे विझवले असतील कोण जाणे. विझताना मात्र त्याने एकही पाहिला नव्हता. त्याच्याकडे गाडी नव्हती. तो पंपामागच्या दोन खोल्यांत राहत असे आणि पायीच फिरे.

दूर उत्तरेकडच्या, काइनूच्या त्या अरण्यमय प्रदेशात तो एकोणिसाव्या वर्षी या पंपावर कामाला लागला, तो एकोणसत्तर वर्षांचा होईतो तिथेच राहिला. मालक चार बदलले. आताचा मालक यार्नो पस्तिशीचा, बोलका आणि हौशी. ओइवाच्या डाव्या कानाची पाळी एका हिवाळ्यात हिमदंशाने गेली होती, आणि उजव्या हाताच्या अंगठ्याला हवेचा दाब मोजायचे गेज धरून धरून घट्टा पडला होता. कोटाच्या आतल्या खिशात, छातीशी, तो पितळी गेज बाळगी. कॉम्प्रेसरवरच्या काट्यावर त्याचा विश्वास नव्हता. "तो बाहेर राहतो, थंडीनं त्याचं डोकं फिरतं," तो म्हणे. "हे माझ्याजवळ झोपतं."

पंपाच्या कॉफीगृहात खिडकीजवळचे एक टेबल म्हाताऱ्यांचे. तिथे सकाळी सातपासून राजकारण, मासे आणि रस्ते यांवर वाद चाले. त्या मंडळींत रेइनो हा रस्त्यावरचे बर्फ हटवणाऱ्या गाडीचा निवृत्त चालक सर्वांत तिखट जिभेचा.

"ओइवा," तो भरल्या टेबलावरून ओरडे, "आयुष्यभर दुसऱ्यांच्या चाकांत हवा भरलीस. स्वतःसाठी काय ठेवलंस?"

"तुझ्यासारखी डोक्यात नाही ठेवली, एवढं खरं."

असे दिवस जात होते. त्या वर्षीच्या शरद ऋतूत यार्नोने पंपालगत एक मोठा, उबदार हॉल बांधला. भिंती जाड, जमिनीखालून उष्ण पाण्याच्या नळ्या, आत सदैव वीस अंश. गावच्या गृहसेवेच्या तीन गाड्या रात्री तिथे ठेवण्याचे ठरले. त्या गाड्यांतून परिचारिका दूरदूरच्या एकाकी वृद्धांकडे जात. आजवर या गाड्या उघड्यावर, खांबाला वायर जोडून, रात्रभर इंजिन कोमट ठेवीत उभ्या असत. सकाळी काचेवरचे बर्फ खरवडण्यात परिचारिकांची अर्धी ताकद जाई. आता त्या कोरड्या, उबदार गाडीत बसू लागल्या. ओइवाचेही सुख वाढले. पन्नास हिवाळे त्याने अंगणात, बर्फात गुडघे टेकून हवा भरली होती. आता तो हॉलमध्ये, कोट काढून, स्टुलावर बसून भरू लागला. सकाळी सहाला तिन्ही गाड्यांची बाराही चाके तपासून ती दोन-तीनवर, म्हणजे गाडीच्या पुस्तकात लिहिल्याप्रमाणे दोन पूर्णांक तीन दशांश बारवर आणून ठेवी. या सुखाबद्दल तो मनोमन कृतज्ञ होता, आणि त्या कृतज्ञतेत गैर काही नव्हते.

नोव्हेंबर सौम्य गेला. डिसेंबरात थंडी उतरली आणि विर्वे मोइलानेन हिच्या गाडीतला पिवळा दिवा बोलू लागला.

विर्वे ही पंचेचाळिशीची परिचारिका. उंच, कमी बोलणारी, बोलली तर सरळ बोलणारी. बाकी दोन गाड्यांच्या फेऱ्या गावाजवळच्या, थोड्या वेळाच्या; विर्वेच्या फेरीत दूरची तीन घरे. शेवटचे घर सर्वांत दूर, अडुसष्ट किलोमीटरवर, कोर्पिवारा नावाच्या टेकडीवर. तिथे हिल्या नावाची अठ्ठ्याऐंशी वर्षांची वृद्धा एकटी राहत होती. तिच्या पायावरची जखम दिवसाआड धुऊन बांधावी लागे. पहिल्या दोन घरी विर्वेची गाडी पाऊण-पाऊण तास बाहेर उभी राही. दुसऱ्या घरून निघाली, की पाच-सहा किलोमीटरवर दिवा लागे. पुढे तीस किलोमीटर निव्वळ अरण्य. फोनला रेंज नाही, वाटेत घर नाही. कार्यालयाचा नियम स्पष्ट होता: इशारादर्शक दिवा लागला असता निर्जन रस्त्यावर पुढे जायचे नाही. दोनदा विर्वे परत फिरली. दोनदा हिल्याची जखम तशीच राहिली.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात ती सकाळी हॉलमध्ये आली, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जागरण दिसत होते.

"कार्यालयातून पत्र आलंय," ती म्हणाली. "दूरच्या फेरीचा भरवसा नाही म्हणे. आणखी एकदा खाडा झाला, तर हिल्याला फेब्रुवारीपासून गावातल्या वृद्धनिवासात हलवणार."

ओइवाचे हात थांबले. "ती येईल?"

"तिला विचारणार कोण? जखम चिघळली तर त्यांना कारण मिळेलच. काल फोनवर म्हणाली, मला न्यायला याल तर आधी माझी चूल विझवा, मग मला."

यार्नो कॉफीचा कप घेऊन मागे उभा होता. "सेन्सर खराब आहेत गं. थंडीत बॅटरी मान टाकते. नवीन मागवलेत, दोन आठवड्यांत येतील. तोवर त्या दिव्यावर काळी पट्टी चिकटव आणि जा."

विर्वेने त्याच्याकडे पाहिले. "थर्मामीटरनं ताप दाखवला, तर मी थर्मामीटर ड्रॉवरमध्ये टाकत नाही, यार्नो."

"पण मी रोज सकाळी मोजतो," ओइवा म्हणाला. त्याचा स्वर किंचित दुखावलेला होता. "स्वतः, माझ्या गेजनं. चारही चाकं दोन-तीन. हे बघ." त्याने खिशातून गेज काढले, पुढच्या चाकाला लावले, काटा दोन-तीनवर सरळ उभा राहिला. "हवा आहे, विर्वे. दिवा भित्रा आहे तुझा. थंडीला घाबरतो."

विर्वेने पिशवीतून एक छोटी वही काढली. रुग्णाचा ताप नोंदवावा तशा तिने तीन आठवड्यांच्या नोंदी केल्या होत्या: तारीख, हॉलमधले तापमान, बाहेरचे तापमान, आणि दिवा लागला की नाही. उणे पाच: नाही. उणे नऊ: नाही. उणे सव्वीस: लागला. उणे अकरा: नाही. उणे अठ्ठावीस: लागला. हॉलच्या रकान्यात मात्र रोज तोच आकडा, वीस.

ओइवाने वही बराच वेळ डोळ्यांपासून दूर धरून वाचली. "थंडीतच लागतो," तो म्हणाला. "म्हणजे बॅटरीच. यार्नो म्हणतो ते खरं."

त्या वहीत सत्य पूर्ण लिहिलेले होते. ज्याने ते वाचायला हवे होते त्याने वाचलेही होते. परंतु पन्नास वर्षांच्या सवयीचा पडदा इतका विरळ असतो की आपण त्यातून पाहतो आहोत हेच ध्यानात येत नाही. आपण भरलेली हवा पुरेशी आहे, या एका गृहीताला त्याने कधी स्पर्शच केला नव्हता.

"उद्या उणे अठ्ठावीस सांगितलंय," विर्वे म्हणाली. "दिवा लागणार. मी परत फिरले तर हिल्या गेली. पुढे गेले तर नियम मोडला, माझी फेरी गेली, म्हणजे पुन्हा हिल्याच गेली." मग ती म्हणाली, "तू चल माझ्याबरोबर. टायरचा जाणता माणूस गाडीत असला, त्यानं उतरून तपासलं, तर पुढं जायला हरकत नाही. मी कार्यालयाला विचारलंय. ते हो म्हणाले."

कॉफीगृहाच्या उघड्या दारातून रेइनोचा आवाज आला. "ने त्याला! नुसता हवेवर जगतो, पेट्रोल वाढणार नाही."

कोर्पिवाराला ओइवा कित्येक वर्षांत गेला नव्हता. हिल्याला मात्र तो आपल्या उमेदवारीच्या दिवसांपासून ओळखत होता. पंचवीस वर्षे तिने त्या परगण्यात फिरत्या ग्रंथालयाची बस चालवली होती. तिच्या बसची चाके ओइवाच पाहत असे. निवृत्तीनंतर ती टेकडीवर गेली, आणि दोघांत उरले ते नाताळचे एक कार्ड. उद्या तिला घर सोडावे लागले, तर ते आपल्या चाकांपायी, हा विचार त्याला त्या रात्री पुन्हापुन्हा टोचत राहिला.

सकाळी त्याने चारही चाके पुन्हा तपासली. दोन-तीन. मग तो कोटाच्या गुंड्या लावून विर्वेशेजारी बसला. पहिले घर झाले. दुसरे झाले, तिथल्या म्हाताऱ्याने ओइवाला बळेच आत बोलावून बटाटा आणि लिंगोनबेरी ही आंबट रानफळे भरलेली, राय नावाच्या धान्याची पोळी खायला लावली. पाऊण तासाने दोघे निघाले. पाचव्या किलोमीटरला समोर तो पिवळा नाल उजळला.

"आला तुझा भित्रा," विर्वे म्हणाली.

गाडी बर्फाच्या कडेला थांबली. ओइवा उतरला. श्वास नाकातच गोठत होता. त्याने गेज लावले. काटा एक-आठवर थांबला. त्याने ते काढले, हातमोज्यात चोळले, पुन्हा लावले. एक-आठ. दुसरे चाक, तिसरे, चौथे: एक-आठ.

तो खिडकीशी आला तेव्हा त्याच्या पापण्यांवर दव गोठले होते. "दिवा खरं बोलतोय," तो म्हणाला.

"म्हणजे पंक्चर?"

"खिळा एका चाकात घुसतो. चारही चाकांतून सारखी हवा कोण नेईल? आणि नेऊन दोन तासांत नेईल?" त्याचा आवाज बारीक झाला होता. "सकाळी मी स्वतः मोजली होती, विर्वे."

"मला माहीत आहे तू मोजली होतीस. आता पुढे जायचं की मागे, ते सांग."

ओइवाने रस्त्याकडे पाहिले. "मागं जितकं लांब, पुढं त्याहून जवळ. हळू चालव. चाळीसच्या वर नको. मऊ चाक वळणावर पाय टाकत नाही नीट."

विर्वेने वेगाचा आकडा चाळीसवर धरून ती तीस किलोमीटर कापली. ओइवा कान देऊन चाकांचा आवाज ऐकत होता. हिवाळी टायरला पकडीसाठी बसवलेले लोखंडी खिळे बर्फावर नेहमीसारखे टकटकत नव्हते. जड, ओढत चालल्यासारखा ध्वनी येत होता. रोज सकाळी उबेत स्टुलावर बसून आपण ही बाई याच आवाजासह अरण्यात पाठवली, आणि वर तिच्या दिव्याला भित्रा म्हटले, हे त्याला त्या आवाजातून कळत गेले.

हिल्या दारात काठी टेकून उभी होती. लहान, वाळलेली, डोळे मात्र दूरवरचे वळण ओळखणाऱ्या चालकाचे.

"पोरी, आज वेळेत. आणि हा कोण? ओइवा! अजून जिवंत? मला वाटलं, तुला कॉम्प्रेसरनं कधीच उडवून दिलं असेल."

"आत जा गं, थंडी शिरतेय घरात," विर्वे तिला दटावीत म्हणाली.

तासाभराने जखम धुऊन, बांधून झाली. टेबलावर कॉफी आली. हिल्याने तिकडच्या रिवाजाप्रमाणे कॉफीच्या कपात चिजाचे तुकडे टाकून तो ओइवापुढे सरकवला. त्याने कपाला हात लावला नाही. तो मधेच उठून अंगणात गेला, चाके मोजून परत आला.

"एक-सात," तो दाराशीच म्हणाला. "अजून उतरली. तासभर नुसती उभी असताना."

हिल्याने चमचा खाली ठेवला. "सकाळी किती होती?"

"दोन-तीन."

"कुठं मोजलीस?"

"हॉलमध्ये. यार्नोनं नवीन बांधलाय. उबदार…"

वाक्य त्याच्या तोंडातच राहिले. हिल्या त्याच्याकडे पाहत होती, आणि तिच्या सुरकुत्यांतून हळूहळू हसू वर येत होते.

"मी बस शेडमध्ये चालवत नाही, ओइवा," ती म्हणाली.

पंचेचाळीस वर्षांपूर्वी हेच शब्द याच आवाजात त्याच्या कानांवर पडले होते. तेव्हा तो चोविशीचा होता. थंडी वाजते म्हणून त्याने ग्रंथालयाची बस दुरुस्तीच्या शेडमध्ये, शेगडीजवळ घेतली होती. हिल्याने बस पुन्हा अंगणात न्यायला लावली, दोन तास उभी ठेवली, आणि मग त्याला बर्फात गुडघ्यांवर बसवून हवा भरायला लावली. शेगडीजवळची हवा फुगलेली असते, ती म्हणाली होती. बाहेर नेलीस की आक्रसते. दर दहा अंशांना एक दशांश जाते, कोणी चोरत नाही, नुसती अंग चोरून बसते. चाक जिथे फिरणार तिथेच त्याला हवा द्यायची. त्या दिवसापासून नवा हॉल येईतो त्याने उबेत कधी हवा भरली नव्हती. पुढे इतकी वर्षे तो अंगणातच भरत राहिला, की अंगणात का भरायची हे आठवण्याची गरजच उरली नाही. आणि हॉल आला तेव्हा ते कारण विस्मृतीत गेलेले होते.

"वीस आणि अठ्ठावीस," विर्वे वही उघडत सावकाश म्हणाली. "अठ्ठेचाळीस अंश. म्हणजे पाच दशांश तरी. तीच गेली." तिने वही मिटली. "तीन आठवडे मी हॉलचा वीस लिहीत होते. का लिहीत होते तेच मला कळत नव्हतं."

ओइवा खाली बसला. "मी तुझ्या दिव्याला भित्रा म्हणालो."

"म्हणालास."

"आणि पट्टी लावली असतीस तर…"

"नाही लावली ना," विर्वे म्हणाली. "कॉफी पी."

"कॉफी नंतर," हिल्या काठी उचलून म्हणाली. "शेडमध्ये, दाराच्या डावीकडे, पोत्याखाली बसचा पायपंप आहे. पण आधी चुलीजवळ आणून ठेव. त्याचं कातडं थंडीत लाकूड होतं. पंपाला ऊब चालते, चाकाला नाही. आता तरी लक्षात ठेव."

अर्धा तास पंप चुलीशेजारी मांजरासारखा पडून राहिला. मग ओइवाने तो बाहेर नेला. पहिल्या चाकाला नळी जोडली आणि पाय चालवू लागला. कॉम्प्रेसरच्या बटणाने क्षणात होणारे काम पायाला मोजून मोजून द्यावे लागत होते. शंभर वेळा दाबले, की दोन दशांश चढावे. विर्वे म्हणाली, मी दाबते. त्याने मान हलवली. हिल्या खिडकीच्या काचेमागून काठीने ठोकत गती सांगत होती. एकोणसत्तराव्या वर्षी, उणे अठ्ठावीस अंशांत, त्या ठोक्यांवर पाय चालवताना त्याच्या छातीतून वाफ निघत होती. प्रत्येक चाक एक-सातवरून दोन-तीनवर आले, तेव्हा त्याने ते हाताने थोपटले. त्या थोपटण्यात क्षमायाचना होती; कुणाची, ते त्यालाही सांगता आले नसते. आपल्यावर विश्वासून न राहिलेल्या त्या बाईची कदाचित, किंवा ज्याला तो भित्रा म्हणाला होता त्या चिमुकल्या यंत्राची. व्हॉल्व्हच्या मुळाशी, अंधारात, गोठत बसलेले ते यंत्र दर वेळी खरे तेच सांगत आले होते.

निघताना हिल्या दारापर्यंत आली. "परवा येशील ना, पोरी?"

"येईन," विर्वे म्हणाली.

"दिवा लागला तरी?"

विर्वेने गाडीत बसून किल्ली फिरवली. गाडी सुरू झाली. पिवळा नाल जळतच होता.

"हे बघ," विर्वेचे हात स्टेअरिंगवर आवळले. "भरलीस तरी आहेच. हा असाच राहिला, तर मला कार्यालयात तेच सांगावं लागेल. तू तपासलंस, भरलंस, तरी दिवा गेला नाही."

ओइवाच्या ओठांवर ते वाक्य आपोआप आले, आणि पहिल्यांदाच अडखळले. इथून पूल फार दूर होता. "चाक झोपलंय तर तोही झोपलाय," तो म्हणाला. "फिरू दे. पाच-सहा किलोमीटर. नाही विझला…" परत कुठे यायचे? तो तर गाडीतच होता. "नाही विझला, तर मी उतरून पुन्हा भरीन."

गाडी टेकडी उतरली. खिळ्यांचा आवाज बदलला होता. आता ते बर्फावर स्वच्छ, सुटे सुटे टकटकत होते. एक किलोमीटर. दोन. ओइवाची नजर रस्त्यावर नव्हती. तीन. चार. झाडांवरचे बर्फ दुपारच्या तिरप्या प्रकाशात गुलाबी झाले होते. त्याने तेही पाहिले नाही. पाचव्या किलोमीटरला फाटा आला. तिथे लाकडी फळीवर टपालपेट्यांची एक रांग आहे. पूर्वी हिल्याची बस तिथेच थांबे, आणि मुले बर्फात रांगेत उभी राहून पुस्तके बदलत.

त्या पेट्यांपाशी दिवा विझला.

आवाज नाही, झगमग नाही. होता, आणि मग नव्हता. काळ्या काचेत फक्त वेगाचा आकडा उरला. विर्वेने श्वास सोडला. ओइवाने डोक्यावरची लोकरी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि कितीतरी वेळ तो त्या रिकाम्या जागेकडे पाहत राहिला.

"काय झालं?" विर्वेने विचारले.

"काही नाही. पाहिला नव्हता कधी."

"काय?"

"विझताना."

विर्वेने आरशात पाहिले. तिच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला. मग तिने वेग कमी केला, गाडी बाजूला थांबवली आणि म्हणाली, "गेल्या वर्षी मार्चमध्ये तू माझ्या मागच्या चाकात हवा भरली होतीस. आठवतं? तो दिवा पुलाच्या अलीकडेच गेला. मी सांगितलं नाही कधी."

"परत आली नाहीस, म्हणजे गेला. मला कळतं."

"तरी सांगायला हवं होतं," विर्वे म्हणाली. "आभार, ओइवा."

त्या मुलखात हा शब्द काटकसरीने वापरतात. ओइवाने टोपी पुन्हा डोक्यावर चढवली, खिडकीबाहेर पाहिले आणि म्हणाला, "चल. अंधार पडेल." आणि मग, चार-पाच किलोमीटर गेल्यावर, कुणी विचारले नसताना: "तू पट्टी लावली नाहीस. आभार तुझे."

संध्याकाळी गाडी हॉलमध्ये उबेला आली. दुसऱ्या दिवशी सकाळी यार्नो गेज हातात घेऊन ओरडत बाहेर आला.

"ओइवा! वेड लागलं का तुला? जवळजवळ तीन आहे आत! पुस्तकात दोन-तीन लिहिलंय! मी सोडतो हवा."

ओइवाने आयुष्यात पहिल्यांदा मालकाचा हात धरला. "पुस्तक हॉलमध्ये बसून लिहिलेलं नाही. कणभर हवा सोडलीस तर तुला हिल्याकडे पायी पाठवीन."

त्याने तिथल्या तिथे पुठ्ठ्याच्या एका तुकड्यावर मोठ्या अक्षरांत लिहिले आणि तो भिंतीवर टांगला: बाहेरची थंडी आधी वाचा. हॉल आणि बाहेर यांत दहा अंशांचा फरक असेल तर एक दशांश अधिक, वीसचा असेल तर दोन, तीसचा असेल तर तीन, पुढेही असेच. वसंतात थोडी थोडी काढा. त्याखाली, लहान अक्षरांत, त्याने आणखी एक ओळ लिहिली: हे मला हिल्याने शिकवले, आणि मी विसरलो होतो. रेइनोने ते वाचून सबंध टेबलाला ऐकवले. पण शेवटची ओळ वाचताना त्याच्या आवाजातला तिखटपणा ओसरला आणि त्याने आपल्या पोळीचा अर्धा तुकडा मोडून ओइवापुढे ठेवला.

विर्वेने आपल्या वहीची प्रत कार्यालयाला पाठवली. त्यांनी फेरी फेब्रुवारीअखेरपर्यंत पाहायची ठरवली. त्या महिन्यात आठवडाभर उणे तीस राहिले. विर्वे प्रत्येक ठरल्या दिवशी गेली. दिवा लागला नाही, खाडा झाला नाही. मार्चच्या पहिल्या दिवशी पत्र आले, तीन ओळींचे: फेरी पूर्ववत् चालू राहील. हिल्या आपल्या घरीच राहिली, आणि तिच्या पायावर नवी कातडी धरू लागली.

ओइवा आता पुन्हा अंगणात हवा भरतो. गृहसेवेच्या गाड्या सकाळी हॉलमधून बाहेर काढून तो थोडा वेळ उभ्या ठेवतो, आणि मग बर्फात गुडघा टेकून, छातीशी झोपलेले गेज काढून मोजतो. घाईच्या दिवशी पुठ्ठ्यावरच्या हिशेबाने आत भरतो. येणाऱ्या-जाणाऱ्यांना तो तेच वाक्य सांगतो: पुलापर्यंत विझेल, नाही विझला तर परत ये. लोक निघून जातात आणि परत येत नाहीत.

एक गोष्ट मात्र नवी झाली आहे. दिवसाआड, दुपारी साडेबाराच्या सुमारास, कॉफीगृहातला फोन वाजतो. यार्नो तो उचलत नाही. ओइवाच हात पुसत येतो.

"पोचली पोरगी," पलीकडून हिल्या म्हणते. "चाकं सरळ उभी आहेत. मी खिडकीतून पाहिली."

"बरं," ओइवा म्हणतो.

"दिवा नव्हता."

"बरं."

मग ओइवा फोन ठेवतो, छातीशी गेज चाचपतो आणि अंगणात जाऊन नव्या गाडीच्या चाकाशी गुडघा टेकतो.